पूजेच्या पाटावर राह्यलेला लॉक

या मित्रांनो, बसा. जागा कमी हाय, पन सरकून सरकून बसा. आज एक गोष्ट सांगतो. राजा-रानीची नाई, भुताची बी नाई. एका चाकाची हाय, एका मानसाच्या पाठीची हाय, अन् एवढ्याशा लोखंडाची हाय. ते एवढंसं लोखंड म्हनजे मीच.

मी एक जुना लॉक आहो. लॉक म्हनलं की तुमच्या डोयासमोर दाराचं कुलूप आलं असन. त्याले चाबी असते, माह्याजवय चाबी-बिबी काई नाई. माहं रूप पाहाचं असन त असं करा. एक बांगडी मनात आना. तिले लायनी करा, पायाच्या अंगठ्यात बसन एवढी. मंग एका जागी तिले तोडा अन् थोडीशी फट ठेवा. फटीच्या दोन्ही बाजूले एकेक कान, अन् कानाले एकेक भोक. झालो मी तयार. दुकानदार मले लॉक रिंग म्हनतेत, मिस्त्री नुसतं लॉक म्हनतेत, अन् ज्याईले माहं काम ठाव नाई ते म्हनतेत, "हे काय पडलं बे अथी?"

आता काम सांगतो. गोडावनात पॅलेट ट्रॉली असते, तुमी पाह्यली असन. समोर दोन लांब लोखंडी हात, मांगं एक उंच दांडी. पोत्याची थप्पी लाकडी चौकटीवर रचलेली असते. ते दोन हात चौकटीखाली घालाचे, दांडी वरखाली हलवाची, की अख्खी थप्पी जमिनीवरून उचलते. मंग एकटा मानूस तिले ओढून नेते. दहा हमालाचं वझं एक मानूस नेते, पाहा. त्या दांडीच्या खाली चाकं असतात. चाक एका लोखंडी दांड्यात ओवलेलं असते, अन् दांड्याच्या टोकाले एक बारीक खाच. त्या खाचीत मी बसतो. मी हाय तवापर्यंत चाक बाहेर येत नाई. मी गेलो की चाक आपल्या मनाचं मालक.

माहा जन्म कोन्या गावात झाला ते मले नाई सांगता येत, मी तवापासून डब्यातच होतो. एवढं मातर याद हाय, की मी एका पट्टीतून कापल्या गेलो. धाडकन् मशीन आली अन् मी पट्टीपासून वेगया झालो. मंग मले भट्टीत टाकलं. लाल झालो. लाल असतानाच तेलात बुडवलं. असा चर्र आवाज झाला, की म्हनलं आता खपलो. पन खपलो नाई. त्या तेलानं मले एक गुन देला. मले ताणलं की मी पसरतो, सोडलं की पुन्हा आपल्या जागी येतो. मिस्त्री लोक त्याले जीव म्हनतेत. "या लॉकात जीव हाय" म्हनतेत. डॉक्टर नाई पाह्यला, दवाखाना नाई पाह्यला, पन माह्यात जीव हाय हे साऱ्याईनं कबूल केलं.

तथून मी आलो अकोल्याले. गोदाबाईच्या दुकानात.

गोदाबाई म्हनजे एक खमकी बुढी. दुकान तिच्या मालकानं टाकलेलं होतं, ट्रॉलीचे अन् लिफ्टीचे पार्ट इकाचं. मालक गेले, मंग ती स्वताच गल्ल्यावर बसाले लागली. पहिल्या पहिल्यानं गिऱ्हाइक येये अन् आत डोकावून विचारे, "दुकानात कोनी मानूस नाई काय?" बुढी म्हने, "मानूसच बसला हाय समोर. बोला." चार महिन्यात लोकाईनं विचारनं सोडून देलं.

तिच्या दुकानात भिंतीवर चाकं टांगलेले होते. लाल, पिवये, काये. हँडल होते, पंप होते. गिऱ्हाइक येये अन् त्याईलेच पाहे. "वा, काय मजबूत चाक हाय," म्हने. आमी लॉक लोक बिस्किटाच्या जुन्या डब्यात पडलेलो. आमची तारीफ कोनी करे नाई. उलट कोनी कोनी त म्हने, "लॉक कायले पाहिजे बाई, तार गुंडाळून देऊ." हे आयकलं की गोदाबाईचं डोकं फिरे. ती म्हने, मंग चपलीले बी पट्टा कायले घेता, सुतळी बांधा ना. गिऱ्हाइक हासे अन् चाक घेऊन चाल्ला जाये. मी डब्यातच.

किती दिवस गेले ते माईत नाई. डब्यात दिवस-रात्र सारखीच असते. माह्या आंगावरचं तेल वायून गेलं. मनात ये, की एवढा भट्टीत भाजलो, तेलात पोहलो, ते काय बिस्किटाच्या डब्यात मराले?

मंग एक दिवस भर उनायात, दुपारी, एक बाई दुकानात आली. पायात चपला घासलेल्या, तोंड लाल झालेलं. तिनं पदराची गाठ सोडली अन् काउंटरवर एक चांदीचं जोडवं ठेवलं. पायाच्या बोटातलं.

गोदाबाईनं त्या जोडव्याकडे पाह्यलं, मंग तिच्याकडे. म्हने, "बाई, सोनाराचं दुकान पलीकडच्या गल्लीत हाय."

"सोनाराकडे नाई जाचं मले," ती बाई म्हने. "एवढ्या मापाचा लॉक पाहिजे. ट्रॉलीच्या चाकाचा."

ती बाई म्हनजे जाईबाई. अमरावतीजवयच्या वलगावची. गोदाबाईनं तिले माठातलं पानी देलं, स्टुलावर बसवलं, अन् हयूहयू सारी गोष्ट निघाली. मी डब्यातून आयकून राह्यलो होतो.

जाईबाईचा नवरा देवमन अमरावतीले एमआयडीसीतल्या एका गोडावनात हमाल. जाईबाई बी तथीच दाय निवडाले जाये. देवमननं सारी जवानी पाठीवर पोते वाह्यले. तुरीचे, चन्याचे, सोयाबीनचे. वाहता वाहता पाठ गेली. डॉक्टरनं सांगतलं, आता वझं उचललं त हमेशासाठी खाटेवर पडसान. तेवढ्यात गोडावनात ही ट्रॉली आली अन् तिथचा कारभार पाहनारे दिवानजी महादेवराव म्हने, देवमन, तू हे ओढ. ओढनं अन् उचलनं यात फरक हाय मित्रांनो. ओढताना पाठ सरय राहते. देवमनचं काम वाचलं.

पन मंग चाकाचा लॉक तुटला. कोठी उडाला कोनाले दिसला नाई. चाक घडीघडी बाहेर याले लागलं. दिवानजी कावले अन् म्हने, हे डबडं भंगारवाल्या कबाड्याले देऊन टाकतो, अन् देवमन, तू आपले पोते उचल, नाईतं घरी बस. देवमननं दुसऱ्या दिवशी पोतं उचललं. घरी काई बोलला नाई. पन संध्याकायी त्याले चपला काढाले वाकता येये ना. भिंतीले धरून, पायानंच पाय घासून चपला काढून राह्यला होता. जाईबाईनं चुलीजवयून ते पाह्यलं.

बस, मंग तिनं आपल्या पायातलं जोडवं काढलं. गोडावनात कोनी नसताना त्या दांड्याच्या खाचीत दाबून बसवलं. चांदी नरम असते, जोडव्याचं तोंड बी माह्यासारखंच उघडं असते. ते खाचीवर दाबलं, बरोबर तेवढं झालं. तसंच हयूच काढलं अन् पदरात बांधलं. अमरावतीले दुकानं पाह्यले, ते म्हने एकटा लॉक नाई भेटत, पुरं चाकच घ्या. एकानं सांगतलं, अकोल्याले एक बुढी हाय, तिच्याकडे पाहा. देवमनले ती म्हनली, बहिनीकडे जाऊन येतो.

गोदाबाईनं आमचा डबा काउंटरवर उपडा केला. एकेक लॉक उचलून त्या जोडव्याशेजारी ठेवला. हा मोठा. हा लायना. मंग मी आलो. मले अन् जोडव्याले जवय ठेवलं त जुये भाऊ-बहीन दिसलो आमी. ती चांदीची, मी लोखंडाचा, एवढाच फरक.

"हाव, हाच," जाईबाई म्हने.

गोदाबाईनं मले तेल लावलं, पुसलं, अन् संगं एक पक्कड देली. तिच्या टोकाले दोन बारीक सुया असतात. त्या माह्या कानाच्या भोकात घालाच्या अन् मले पसरवाचं, म्हनजे मी खाचीत सरकतो. गोदाबाईनं बजावून सांगतलं, की पेचकसानं, म्हनजे स्क्रू-डायव्हरनं, उचकाडू नका, कान ताणले त याचा जीव जाते. पक्कड वापरा अन् परत आनून द्या.

जाईबाई म्हने, तुमी मले ओयखत बी नाई, भरोसा कसा ठेवता?

"पायातलं काढून आनलं तुमी," गोदाबाई म्हने. "पक्कड काय ठेवून घेसान."

संध्याकायी देवमननं घरी विचारलं, बहीन कशी हाय. जाईबाईनं मले त्याच्या तयहातावर ठेवलं अन् म्हने, "हे पाहा बहीन." देवमन आधी हासला. मंग जाईबाईच्या पायाकडे पाह्यलं त एका बोटात जोडवं नाई, मापाले काढलेलं ते अजून पदरातच बांधलेलं. मंग हासनं बंद झालं. बराच टाइम तो मले हातात घेऊन बसला होता. त्याचा हात मले अजून याद हाय. पोत्याच्या सुतळीनं खरखरीत झालेला, पन गरम.

मले दांड्यात बसवलं तवा टक् असा आवाज आला. मित्रांनो, तुमी पहिल्यांदा शायेत गेले असान, तुमची जागा तुमाले भेटली असन, तसं वाटलं मले. हीच माही जागा.

मंग माहे सुखाचे दिवस सुरू झाले. सकायी गोडावनाचं शटर वरतं जाये, उजेड आत ये, तुरीच्या दायीचा धुरळा उडे. देवमन दांडी धरे अन् ट्रॉलीले म्हने, "चाल वो बाई." तो ट्रॉलीले बाई म्हने अन् जाईबाईले अवो म्हने, त कदी कदी दोघी संगंच ओ देत. एक ट्रॉली कुरकुर करे, एक जाईबाई. गोडावनातल्या बाया दाय निवडता निवडता लोटपोट होत.

उनायात फरशी तापे, त मी बी तापो. पावसायात ओल लागे, त आंगावर तांबूस गंज चढे. देवमन चिंधीनं पुसे अन् तेलाचा थेंब सोडे. परतवाड्याचा टरक आला की आमाले दम घ्याले फुरसत नसे. माल चढवाच्या उतरत्या फलाटावर खाली जा, वरतं ये, खाली जा. माह्या आंगावर चाक सारा दिवस घासे. पन चाक बाहेर गेलं नाई. एक दिवस बी नाई. पक्कड त जाईबाईनं पहिल्याच महिन्यात अकोल्याले जाऊन परत देली होती, तिची पुन्हा गरजच पडली नाई.

एकदा गोडावनाचे शेठ आले. ट्रॉली पाहून म्हने, वा, किती वर्साची गाडी हाय, अजून झकास चालते. दिवानजीनं छाती फुगवली. कोनी म्हने पंप मजबूत, कोनी म्हने चाकं मजबूत. मी आपला खाचीत गुपचूप बसलो. रुसलो नाई. खरं सांगू काय, थोडासा रुसलो. पन संध्याकायी देवमन चपला काढाले वाकला अन् बिना भिंत धरता वाकला, हे जाईबाई दुसऱ्या दिवशी गोडावन झाडनाऱ्या मानिकबाईले सांगून राह्यली होती. ते आयकलं अन् माहा रुसवा गेला.

आता ती गोष्ट सांगतो, ज्यापाई मी आज चाकात नाई.

दसरा आला. दसऱ्याले देवमन अन् जाईबाई कदीच गावात नसत. ते नागपूरले जात, दीक्षाभूमीवर. पांढरे कपडे धुऊन, नीळ घालून, इस्तरी करून आदल्या दिवशीच गाडीत बसत. इकडे गोडावनात हत्याराची पूजा राहे. वजनाचा काटा, पावडे, पोते शिवाचे दाभन, ट्रॉली, साऱ्याईले धुवाचं, झेंडूचे हार घालाचे. वर्सातून एक दिवस आमचा बी मान.

त्या साली पूजेची तयारी नितेशकडे होती. नितेश म्हनजे दिवानजीचा पुतन्या, गोडावनात मोजमापाचं काम पाहे. पोरगा वाईट नवता, पन त्याले सारं चमकलं पाहिजे. तो म्हने, गाडी नुसती वरून पुसून नाई चालत, चाक काढून घासतो. काढाले पक्कड नवती. मंग त्यानं पेचकस घेतला.

मित्रांनो, जीव नाकाशी आला म्हनतेत तो अनुभव मी घेतला. पेचकस माह्या फटीत घुसला अन् कानाले उचकाडलं. मी ताणल्या गेलो, लय ताणल्या गेलो, अन् टन् करून फरशीवर पडलो. नितेशनं मले उचललं, राकेलात धुतलं, अन् पूजेच्या पाटावर ठेवलं. चाक बी ठेवलं, मी बी. आमाले हयद लागली, कुंकू लागलं, फुलं पडले. उदबत्तीचा वास आला. खरं सांगतो, एवढा मान मले जन्मात भेटला नवता. मी त फुगूनच गेलो होतो.

पूजा झाली. नितेश मले उचलाले वाकला, तेवढ्यात महादेवराव दिवानजी म्हने, "ए, पूजेवरच्याले उद्या सकायपर्यंत कोनी हात नाई लावाचा. हत्यार आज आराम करते." अशी रीत हाय. त्यात दिवानजीचं बी चुकलं नाई. सारे सोनं लुटाले घरी गेले. मी पाटावर, फुलाखाली.

दुसऱ्या दिवशी सकायी मानिकबाई झाडाले आली. ती सकायी साऱ्याईच्या आधी ये. दिवानजीनं तिले आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की पूजेचे फुलं उचलून टोपल्यात भर अन् विहिरीजवय नेऊन टाक. फुलाखाली मी होतो, अन् हयद-कुंकवानं मी एका झेंडूच्या पाकयाले चिकटलो होतो. तिनं मूठभरून फुलं उचलले, त मी बी उचलल्या गेलो. टोपल्यात पडलो. मी आरडलो असतो, पन लोखंडाले तोंड कोठी हाय?

थोड्या टाइमानं नितेश आला. बाहेर परतवाड्याचा टरक हार्न मारून राह्यला होता. दिवाईचा माल जाचा होता. नितेशनं पाट पाह्यला, चाक हाय, लॉक नाई. पाटाखाली पाह्यलं, फरशीवर पाह्यलं. टरकवाला तिकडून म्हने, चाला ना भाऊ, पुढं अजून गावं करायचे हाय. मंग नितेशनं तेच केलं, जे गोदाबाईच्या दुकानात लोक म्हनत. तार घेतली, खाचीत गुंडाळली, पीळ देला. वरून ग्रीस फासलं. वरून पाह्यलं त सारं बरोबर.

देवमन अन् जाईबाई नागपूरवरून थेट गोडावनातच आले. देवमननं पांढरा सदरा काढून खुंटीवर अडकवला, कामाचा घातला, अन् दांडी धरली. ग्रीस पाहून म्हने, वा नितेशभाऊ, गाडीले त नवरी बनवली. नितेश हासला, पन खरं सांगाले त्याची जीभ उचलली नाई.

तिकडे जाईबाई मानिकबाईजवय विहिरीपाशी गेली, निंबाखाली. बायाईचं निवडाचं काम जरा उशिरा सुरू होये. मानिकबाईनं फुलं टाकून देले नवते. ती चांगले चांगले झेंडू निवडून सुकवाले वेगये ठेवून राह्यली होती, पुढच्या साली पेराले बियानं होते म्हनून. जाईबाई बी तिच्यासंगं बसली. दीक्षाभूमीवर किती गर्दी होती, पुस्तकाच्या दुकानावर पोरापोरीची कशी झुंबड उडाली, हे सांगून राह्यली होती. सांगता सांगता तिनं एक झेंडू उचलला. त्याले मी लटकलेलो.

जाईबाईनं मले झेंडूपासून सोडवलं.

दुसऱ्या कोन्या बाईले वाटलं असतं, काई लोखंडाचा तुकडा असन. पन जाईबाईनं मले जोडव्याजवय ठेवून पाह्यलं होतं. तिनं मले कुंकवासकट ओयखलं. मुठीत घेतलं अन् पयाली. चपला निंबाखालीच राह्यल्या.

देवमन तवा थप्पी उचलून फलाटाच्या उतारावर आला होता. उतारावर तो मागं मागं चाले, गाडी त्याच्या समोर, अन् सारा भार त्याच्याकडे. तार घासून घासून तुटाले आली होती. जाईबाई दारातून ओरडली, "अजी, थांबा! गाडी खाली सोडा!"

देवमननं काहून, काय, असं काई विचारलं नाई. इतक्या वर्साचा संसार होता. त्यानं दांडीची कळ दाबली. दोन्ही लोखंडी हात खाली बसले, थप्पी धप्पकन् उतारावर टेकली. अन् त्याच घडीले तार तुटली. चाक बाहेर आलं, देवमनच्या पायाजवयून गेलं, उतारावरून घरंगळत टरकाच्या टायराले जाऊन लागलं. वरचे पोते सरकले, एक फाटलं, अन् तुरीची पिवयी दाय साऱ्या उतारावर सांडली.

मंग दिवानजी आले. सांडलेली दाय पाह्यली, मोडलेली गाडी पाह्यली, अन् त्याईचा पारा चढला. ते देवमनवर घसरले. गाडी तुह्या हातात देली, लॉक पाहाचं काम कोनाचं? दोन दिवस हिंडाले गेला अन् आल्याबरोबर हे केलं. आजच्या आज गाडी कबाड्याले जाते, अन् तू बी घरी जाय.

देवमन कमरेले हात लावून उभा होता. जाईबाईच्या मुठीत मी होतो.

तवा नितेश समोर आला. हाताले ग्रीस तसंच. "काका," तो म्हने, "लॉक मी काढला होता."

"तू? मंग बसवला काहून नाई?"

"तुमीच म्हनलं होतं, पूजेवरच्याले हात नाई लावाचा."

मानिकबाई मांगून हयूच म्हने, अन् सकायी फुलं उचल म्हनून बी तुमीच सांगतलं होतं, दिवानजी.

राग कोनावर काढावा, हे दिवानजीले कयेना. नितेशनं खाली पाहून सांगतलं, की तार मीच गुंडाळली, ग्रीस बी मीच लावलं, कोनाले दिसू नये म्हनून. आता कबाड्याले द्याचं असन त मले द्या.

मंग देवमन बोलला. तो फार बोले नाई, पन त्या दिवशी बोलला. "दिवानजी, पूजा करा, दरसाल करा. पन गाडी जोडून करा. चाक वेगयं, लॉक वेगया, अन् हार दोघाईले. मोकयं चाक कोनाच्या पायावरून जाईन, ते त्याले बी ठाव नसते."

महादेवराव उतारावर बसले. खरंच बसले, पांढऱ्या धोतरानं, सांडलेल्या दायीत. थोडा टाइम दाय हातानं गोया करत राह्यले. मंग वर पाहून म्हने, "देवमन, पाठ दुखते काय रे तुही?"

इतक्या वर्सात हे कोनी इचारलं नवतं.

"ट्रॉली ओढतो तवा नाई दुखत," देवमन म्हने.

मंग जाईबाईनं मूठ उघडली अन् मले दिवानजीसमोर धरलं. दिवानजीनं मले उचललं, कुंकू पुसलं, खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी ते स्वता अकोल्याले गेले. मी त्याईच्या खिशातून पुन्हा गोदाबाईच्या काउंटरवर आलो. बुढीनं मले हातात घेतलं, दाबून पाह्यलं, डोयाजवय नेलं. म्हने, "याचे कान कोनं ताणले?"

दिवानजी खाकरले. म्हने, "आमीच."

गोदाबाईनं सांगतलं, की यात जीव राह्यला, पन कमी राह्यला. चाकात आता हा टिकनार नाई. तिनं नवे लॉक देले, एक नाई, चांगले मूठभर, अन् गोडावनासाठी एक पक्कड बी देली. ती पक्कड आता दिवानजीच्या टेबलाच्या वरतं, भिंतीतल्या खिळ्याले टांगलेली राहते. नितेशले ती वापराले देवमननंच शिकवलं.

नवा लॉक बसला तवा टक् असा आवाज आला. माह्या जागेत, दुसऱ्याचा. वाईट नाई वाटलं म्हनलं त खोटं होईन. पन थोड्या टाइमानं चाक फिरलं, देवमन म्हने, "चाल वो बाई," अन् ती चालाले लागली. मंग मी म्हनलं, चालते त चालू दे. हेच त पाहिजे होतं.

मले टाकून देनार होते. जाईबाईनं मागून घेतलं. मानिकबाईनं त्या पूजेच्या झेंडूचं बी सुकवून एका फडक्यात बांधलं होतं. त्या पोटलीचं तोंड माह्यातून ओवून घट्ट केलं. चाकाचं वझं माह्यानं सोसत नाई, पन फडक्याच्या चार चुण्या धराले माहा जीव अजून पुरते. आता मी वलगावले, मानिकबाईच्या घरी, खुंटीले टांगलेला राहतो. खाली लेकरं खेयतात. आज तुमी बी आले, म्हनून एवढं बोललो.

आता एक मागनं मागतो, अन् तोंड बंद करतो. शायेत जाता-येता, रस्त्यावर, टरकाच्या अड्ड्यावर, मार्केटात, कोठी माह्यासारखा एखांदा दिसन. गोल, फट असलेला, दोन कानाचा. त्याले पायानं उडवू नका मित्रांनो. तो अथी पडला म्हनजे कोनाचं तरी चाक मोकयं चालून राह्यलं असन, अन् त्या चाकासमोर कोनाचा तरी पाय असन. त्याले उचला, पुसा, अन् आजूबाजूले ज्याची गाडी उभी असन त्याले एवढं इचारा, "भाऊ, हा तुमचा त नाई ना?"